'निःशब्द' लिहून झाल्यावर

सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या चार महिन्यांत आम्ही सात जणांनी तीन पुस्तकं एकत्र वाचली. एकत्र म्हणजे आपापल्या घरी. रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर आणि रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल. तिन्ही पुस्तकं अशी, की आमच्यापैकी कुणी ना कुणी ती आधी अर्ध्यात ठेवून दिली होती. ओळखीच्या दोघीतिघींनी "आम्हालाही असं काही करायचंय, पण भीती वाटते" असं म्हटलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. बाकी सहा जणांना विचारलंय. नावं घालू नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. कल्पना माझी नव्हती. माझी कॉलेजची मैत्रीण न्यू जर्सीत असते. ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तिचा फोन आला. बोलता बोलता मी म्हणाले की 'कोसला' मी २०२२ मध्ये वाचायला घेतलं होतं आणि त्यातल्या मनी नावाच्या मुलीच्या आजारपणापाशी बंद केलं, ते आजतागायत उघडलेलं नाही. ती म्हणाली, "मग आपण मिळून वाचू." मी 'बघू' म्हणाले. आठवड्याभरात तिनं ग्रुपच काढला. प्रत्येकानं एकेक माणूस आणायचं ठरलं. त्यातून आल्या नाशिकच्या काकू (निवृत्त शिक्षिका), बडोद्याचे काका, पणजीची एक नर्स, तिला सगळे सिस्टरच म्हणायचे, लातूरकडचे एक मास्तर आणि मुलुंडचा एक तिशीतला मुलगा, बँकेत काम करणारा. मास्तर आणि मुलुंडचा यांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही.

गणपती उठल्यावर, २२ सप्टेंबरला पहिला कॉल झाला. त्यात फक्त पुस्तकं आणि तारखा ठरल्या: आधी 'रणांगण', मग 'कोसला', शेवटी 'बलुतं'. वेळापत्रक मी केलं. कॅलेंडर समोर न घेता केलं, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

आधी पुस्तकं मिळवण्याचं. आमच्या गावात जुनं वाचनालय आहे. तिथलं माझं सभासदत्व लग्नाआधीचं, कधीच बाद झालेलं. नव्यानं अर्ज भरावा लागला. अर्जाचे १० रुपये, अनामत ५००, महिन्याची वर्गणी ५०. दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि जुन्या सभासदाची शिफारस सही. ही सही मिळवायला मला दोन दिवस लागले, कारण ओळखीतले सगळे सभासद माझ्यासारखेच बाद झालेले निघाले. शेवटी औषधांच्या दुकानदारांनी सही दिली. 'कोसला'च्या दोन प्रती होत्या. एक कुणाकडे तरी गेलेली, दुसरी बाइंडिंगला. चिठ्ठी लिहून नंबर लावला आणि अकराव्या दिवशी फोन आला. 'बलुतं' मी पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकातून विकत आणलं. 'रणांगण' काकूंनी कुरिअरनं पाठवलं आणि वाचून झाल्यावर तेच मी पणजीला धाडलं, दोन्ही वेळचे मिळून १५० रुपये. नवीन कुणी सुरू करणार असेल तर एकच सांगते: सगळ्यांच्या हातात पुस्तक पडल्याशिवाय तारीख ठरवू नका. आम्ही उलटं केलं. सिस्टरला 'रणांगण' चार दिवसांत संपवावं लागलं, तेही रात्रपाळ्या सांभाळून.

'रणांगण' पहिलं घेतलं ते बारीक आहे म्हणून. सोपं जाईल असं वाटलं. १९३९ ची कादंबरी, जर्मनीतून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंची बोट, त्या बोटीवर एक मराठी माणूस आणि एक जर्मन ज्यू मुलगी. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे.

पुस्तक वाचून झाल्यावर ग्रुपवर जे आलं, ते आज आठवलं तरी हसू येतं. "निःशब्द." "हेलावून गेले." "शब्द नाहीत." हात जोडलेले, डोळे पुसणारे इमोजी. मीही त्यात होते, "सुन्न झाले" माझंच. बडोद्याच्या काकांनी दोन तास वाट बघून लिहिलं, "सात जण निःशब्द आहेत, हे सांगायला तेवीस मेसेज लागले." आणि पाठोपाठ विचारलं, "पुस्तक मिटल्यावर तुम्ही काय केलंत? काय वाटलं ते नको. काय केलंत?"

आधी कुणी बोलेना. मग मैत्रिणीनं लिहिलं की ती शेवटची पानं किराणा दुकानाबाहेर गाडीत बसून वाचत होती, वाचून झाल्यावर दुकानात न जाताच घरी परतली. रात्री घरात दूध नव्हतं. सिस्टर दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आली. मास्तर म्हणाले, मुलाचं दप्तर उघडं पडलं होतं, ते भरून ठेवलं. मला एकदम आठवलं की मी रात्री साडेदहाला दुसऱ्या दिवशीची गवार निवडत बसले होते. एकेक शेंग, देठ, शिरा. गवार मला आवडत नाही. इतक्या निगुतीनं मी ती कधी निवडलेलीही नाही.

त्या प्रश्नानंतर ग्रुप खऱ्या अर्थानं सुरू झाला असं मला वाटतं. 'हेलावले' हा शब्द झाकणासारखा आहे. ठेवला की आतलं दिसत नाही. गवारीची शेंग लिहिली की माणूस कुठे बसला होता ते तरी कळतं.

त्याच आठवड्यात, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि माझ्या फोनवर सगळीकडे पताका लागल्या. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, पतसंस्थेचा ग्रुप. आमचा ग्रुप मात्र त्या रात्री गप्प. मास्तरांनी नुकतंच शेवटच्या पानांबद्दल लिहिलं होतं, त्याखाली अभिनंदनाचं फॉरवर्ड टाकायला कुणाचा हात धजला नाही.

६ ऑक्टोबरच्या कॉलमध्ये काही नियम ठरले. मी ते वहीत उतरवून घेतले, कारण लेखापरीक्षणाची सवय. एक म्हणजे पान क्रमांक द्यायचा नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. माझ्या पुस्तकातलं पान काकूंच्या पुस्तकात सापडेना आणि अर्धा वेळ "सापडलं का, सापडलं का" यातच जाई. त्यापेक्षा परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहायचे. दुसरं, व्हॉइस नोट दोन मिनिटांच्या आत. तिसरं सिस्टरनं सुचवलेलं, आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेलं: ज्याला पुढे वाचवत नाही त्यानं फक्त 'थांबले' किंवा 'थांबलो' लिहायचं. त्यावर कुणी "का गं?" विचारायचं नाही, "काळजी घे" लिहायचं नाही, इमोजी नाही. ग्रुपच्या वर तिनं टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही पिन करून ठेवला. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. आमच्यापैकी कुणी लावला की नाही ते मी विचारलेलं नाही.

मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सेटिंगही केली. याचा फायदा झाला आणि तोटाही. लोक मोकळे झाले. पण काकूंनी लिहिलेला एक सुंदर मजकूर मी उतरवून घेणार होते, तो गेला. आणि स्क्रीनशॉट कुणीही काढू शकतं, तेव्हा खरी हमी माणसांचीच, सेटिंगची नाही.

दसरा झाला आणि १३ ऑक्टोबरला 'कोसला'ला हात घातला. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना वाटेल हे रडकं पुस्तक आहे. अजिबात नाही. पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातले होस्टेलचे दिवस वाचताना आम्ही लोळत होतो. २० तारखेच्या कॉलमध्ये मास्तर आपल्या होस्टेलच्या मेसचे किस्से सांगायला लागले आणि वेळ संपली. हीच तर त्या पुस्तकाची खोड आहे. माणूस हसत हसत आत जातो आणि मग मनी, त्याची धाकटी बहीण, देवीच्या आजारात जाते.

माझ्या वाचनालयाच्या प्रतीत नेमक्या त्या पानाच्या समासात पेन्सिलनं एक तारीख लिहिलेली होती, १४/८/९१. बाकी काही नाही. रेघ नाही, शब्द नाही. मी फोटो काढून टाकला. मुलुंडचा म्हणाला, वाचून झाल्याची तारीख असेल. काकू म्हणाल्या, वाचून झाल्याची तारीख लोक शेवटच्या पानावर टाकतात, मधे नाही.

आता माझ्या वेळापत्रकाचं. मनीचा भाग मी ३ नोव्हेंबरच्या रविवारी टाकला होता. त्या दिवशी भाऊबीज होती. सप्टेंबरात ते लक्षातच आलं नाही. माझा दादा मे २०२१ मध्ये गेला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एक्केचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. त्या दिवशीही सातच्या आत गच्चीवर जाऊन कोर दिसतेय तोवर ओवाळलं, खाली आले आणि ताट ओट्यावर ठेवून पुस्तक उघडलं. चार ओळी वाचल्या असतील. साडेआठला ग्रुपवर लिहिलं, "थांबले."

कुणीही काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी काकूंनी एवढंच लिहिलं, "आजचा कॉल नको. १० तारखेला." नियम आपणच केलेला असला तरी तो कुणी आपल्यासाठी पाळला की बरं वाटतं. सासूबाईंनी मात्र विचारलं, "मोबाइलमधल्या कुणाशी रडतेस?" मी म्हटलं, "पुस्तकाशी." त्या म्हणाल्या, "मग मिटून ठेव की." तेही बरोबरच होतं. त्या रात्री मी मिटूनच ठेवलं.

पुढचे चार दिवस पुस्तक कपाटावर होतं. गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पतसंस्थेत बसून मी तो भाग पुरा वाचला. घरी वाचायचं धाडस नव्हतं. ऑफिसात माणसं असतात, फोन वाजतो, कुणीतरी पासबुक घेऊन येतं, रडायला फार जागा नसते. ज्यांना एखादं पान पार करायचंय आणि जमत नाहीये, त्यांना मी हे खरंच सुचवेन: रात्री, अंथरुणात वाचू नका.

वाचताना जे लक्षात आलं त्याची मला अपेक्षा नव्हती. तिथे बहीण जाते आणि भाऊ मागे राहतो. माझं उलटं. तीन वर्षं मी फक्त माझ्या बाजूनंच बघत होते. भावाच्या आत बहिणीसाठी काय काय असतं, हे मला दादाकडून कधी कळलं नव्हतं. आमच्याकडे भाऊ असं बोलत नाहीत. तो माझी स्कूटी सर्व्हिसिंगला न्यायचा, बस.

१० नोव्हेंबरला कॉलवर मी हे सांगायला लागले. आमची सोय फुकटातली, ४० मिनिटांनी आपोआप बंद होणारी. "शेवटचा व्हिडिओ कॉल झाला तेव्हा त्याच्या तोंडावर—" इथपर्यंत मी आले आणि पडदा काळा झाला. मी हातात मोबाइल घेऊन तशीच बसले. हसावं की काय करावं कळेना. मुलुंडच्यानं नवी लिंक टाकली, एकेक करून सगळे परत आले. कुणी "सॉरी हं" म्हणालं नाही, नेटवर्कला शिव्या दिल्या नाहीत. बडोद्याचे काका म्हणाले, "पुढे?"

मी पुढे सांगितलं. झाल्यावर सिस्टर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की त्या मे महिन्यात वॉर्डात असे फोन ती धरायची. घरच्यांना दिसावं म्हणून पेशंटच्या तोंडासमोर, हातमोजे घालून. हात अवघडायचा, पण खाली घेता यायचा नाही, कारण समोरून लोक म्हणायचे, अजून थोडं. तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या दादाचा फोनही कुणीतरी असाच धरला असणार. तीन वर्षांत तो हात माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मैत्रीण या कॉलला नव्हती. तिकडे ३ नोव्हेंबरला घड्याळं एक तास मागे गेली. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिचे साडेअकराऐवजी साडेदहा झाले, आणि ती जुन्याच वेळेला उगवली, तेव्हा आम्ही उठलो होतो. तिच्यासाठी मी सगळं लिहून काढलं. दादाबद्दल मी लिहिलेला तो पहिला मजकूर. परदेशातलं कुणी ग्रुपमध्ये असेल तर मार्च आणि नोव्हेंबरात वेळा पुन्हा तपासा.

१७ तारखेला सुट्टी घेतली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मास्तरांना निवडणुकीची ड्युटी, त्यांचं प्रशिक्षण आणि पेट्या यांतच आठवडा गेला. २४ ला 'बलुतं' सुरू केलं.

इथे मी चूक केली आणि ती लिहिल्याशिवाय हे सांगणं पुरं होणार नाही. 'बलुतं' १९७८ चं, मराठी दलित आत्मकथनांच्या अगदी सुरुवातीचं. दगडू मारुती पवार आपली गोष्ट दया पवारांना सांगतो आहे, अशी त्याची मांडणी. म्हणजे स्वतःच स्वतःला. नगर जिल्ह्यातलं गाव आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती. पहिल्याच आठवड्यात ग्रुप पुन्हा ओला झाला. डोळे पुसणारे इमोजी परत आले. आणि मी मुलुंडच्याला, सगळ्यांसमोर, विचारलं, "खरंच इतकं होतं का रे?"

त्याचं घर कुठल्या वस्तीतलं हे आम्हाला माहीत होतं, त्यानं पहिल्याच कॉलला सांगितलं होतं. माझ्या प्रश्नाला त्यानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं. ते मी त्याच्या परवानगीनं देते: "ताई, माझ्या आजीनं हे पुस्तक घरात येऊ दिलं नव्हतं. म्हणायची, घरातलं चव्हाट्यावर कशाला. मी ते कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलं. आता तुम्ही सगळे रडताय आणि मी साक्ष द्यायची, असं मला नकोय. मी पण इथे वाचायलाच आलोय."

मी माफी मागितली. लांबलचक मागितली आणि ते आणखी वाईट झालं, कारण आता त्याला मलाच समजवावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी काकूंनी व्हॉइस नोट पाठवली. दोन मिनिटांचा नियम मोडून पाच मिनिटांची. त्यांच्या माहेरी मागच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. कामाला येणाऱ्या बाईला त्यात चहा, वरून ओतायचा. तो कप विसळायचीही ती बाईच. काकू दहा वर्षांच्या असताना त्यांनी एकदा त्या कपातून पाणी प्यायलं, म्हणून मार खाल्ला. "मार लक्षात राहिला," त्या म्हणाल्या, "पण ती बाई तेव्हा तिथेच उभी होती आणि बघत होती, हे मला या पुस्तकाचं सोळावं पान वाचताना आठवलं. पासष्ट वर्षांनी." (पान क्रमांक सांगायचा नाही, हा नियमही त्यांनी मोडला.)

मग मलाही माझ्या घराकडे बघावं लागलं. 'बलुतं' हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता आणि तो चांगला शब्द होता. मळणी झाली की तात्या, माझे आजोबा, राशीपाशी बसायचे. सुतार, न्हावी यायचे, त्यांना जोंधळा मोजून द्यायचा, सगळ्यांना गूळ वाटायचा. माझ्यासाठी बलुतं म्हणजे सुगी. मी आईला फोन केला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला विचारलं, तुझ्या लहानपणी महारवाड्यातून यायचे त्यांचं काय? ती सहज म्हणाली, "ती माणसं खळ्याच्या कडेला, लांब. धोतराचा सोगा पसरून. वरून टाकायचं, हात लागू द्यायचा नाही." आणि थोडं थांबून, "आता कशाला ते?"

८ डिसेंबरच्या कॉलमध्ये मी तेवढंच सांगितलं. कसं वाटलं ते सांगितलं नाही. मुलुंडचा दोनच दिवसांपूर्वी, ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर जाऊन आला होता. तिथून पुस्तकं घेतली, उन्हात रांग किती मोठी होती, पाय कसे सुजले, हे तो सांगत होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, "सोगा हा शब्द माझी आजी पण वापरायची." मग दगडूच्या भाषेवर बोलायला लागला, पुस्तकातले कुठले शब्द त्याच्या घरात अजून आहेत, कुठले आजीबरोबर गेले. ४० मिनिटं संपली तेव्हा नवी लिंक त्यानंच टाकली. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत बोलत होतो आणि मैत्रिणीचं दुपारचं जेवण राहिलं.

१५ डिसेंबरला शेवटचा कॉल झाला. पुढचं पुस्तक लगेच घ्यायचं नाही असं ठरलं. फेब्रुवारीपर्यंत विश्रांती. अनामत सोडली तर मला एकूण साडेआठशे रुपयांच्या आसपास खर्च आला, त्यात 'बलुतं' आता घरचं आहे.

'कोसला' परत करायला मी २१ तारखेला, शनिवारी गेले. दोनदा मुदत वाढवून घेतली होती, तरी अठरा दिवस उशीर. दिवसाला एक रुपया दंड. काउंटरवरच्या मुलानं नियमाप्रमाणे पानं चाळली, फाटलंय का बघायला, आणि नेमका त्या पानापाशी थांबला. समासात आता दोन तारखा होत्या. १४/८/९१ च्या खाली, पेन्सिलनंच, ३/११/२४.

"हे तुम्ही लिहिलंय का मॅडम?"

"वरचं नाही," मी म्हटलं.

त्यानं दोन्हींकडे बघितलं, बोटानं घासून बघितलं. "पेन्सिल आहे ना, मग चालतंय. अठरा रुपये सुट्टे द्या."